सावंतवाडीचा गंजिफा

बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफांची पाने धाडल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आढळते. हाच खेळ सावंतवाडीस दशावतारी झाला : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान व दहा पाने, एकूण 120.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाटोळी पाने रंगविणारे वृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले. तेव्हा राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. आश्रयदात्यानेच कारागिरापुढे शिकण्यास बसावे, हा प्रसंग विरळाच! पुढे राजवाड्यातच तरुण हात तयार झाले. 2024 साली कलेस भौगोलिक मानांकन लाभले.

दिल्लीतील आमच्या दिवाणखान्यात असा एक संच आहे. मुले विचारतात, "बाबा, हा खेळायचा कसा?" आम्ही पाने पुन्हा पेटीत ठेवतो.