गांवचें दप्तर आणि नात्यांचा नकाशा

एखाद्या माणसाचे भाऊ, चुलते, मामा, आत्या कोठें राहतात आणि त्याच्या घरापासून किती अंतरावर राहतात, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ घरगुती वाटतो. परंतु संकटाच्या वेळीं कोण धांवून येईल, म्हातारपणीं कोण पाहील आणि जमिनीचा वांटा कोणास मिळेल, हें बरेंचसें त्यावरच अवलंबून असतें. हॉलंड देशांत १८५० सालापासून गांवोगांव रहिवाशांची नोंदवही ठेवण्यांत आली. कुटुंबांतील प्रत्येकाचें नांव, जन्म, घर व स्थलांतर तींत लिहिलें जाई. अशा वह्यांवरून तेथील अभ्यासक नात्यांचा नकाशाच काढूं शकतात. आपल्याकडे अशी सर्वांची वही नव्हती. तथापि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत नात्यांचा माग लावण्यास जुनें दप्तर पुष्कळच उपयोगी पडतें. या दोहोंचें दप्तर एकत्र पाहणेंच योग्य, कारण वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. त्या सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.

मराठेशाहींत देशावरील गांवाची मिरासी जमीन थळांत विभागलेली असे. थळ म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्या घराण्याची जमीन. पुष्कळदां तें त्या घराण्याच्या आडनांवानेंच ओळखलें जाई. थळांतील भाऊबंदांच्या समूहास जथा म्हणत, आणि सरकारधारा भरण्याची जबाबदारी त्या साऱ्या जथ्यावर असे. हा तपशील ज्या कागदांत असे तो थळझाडा. घराणें निर्वंश झालें तरी थळाचें नांव पुसलें जात नसे. त्या जमिनीस गतकुळी म्हणत. म्हणजे जिवंत भाऊबंदांबरोबर नाहींशा झालेल्या घराण्यांचाहि ठिकाणा या कागदांत सांपडतो.

वतनाचा तंटा पडला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. त्यांत मूळ पुरुषापासून पिढ्या सांगाव्या लागत, आणि निवाडा गोतासमोर होई. गोत या शब्दाचा अर्थ आप्त असाहि होतो व निवाडा करणारी सभा असाहि होतो. ज्यांस नातें ठाऊक, तेच साक्षी. कागदाबाहेरहि स्मरणाचें दप्तर होतेंच. कर्नाटकाकडून येणारे हेळवी घराण्याचें मूळ गांव, पूर्वजांचीं नांवें व त्यांचें स्थलांतर सांगत दारोदार फिरत असत.

सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. पुढें १८७२ सालीं मुंबई इलाख्यांत खानेसुमारी झाली. परंतु खानेसुमारीचा हेतु आंकडा हा असतो, घराण्याची हकीकत हा नव्हे. नात्यांच्या दृष्टीनें अधिक मोलाचें दप्तर १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर तयार झालें. खातेदार वारला कीं त्याच्या वारसांचा फेरफार व्हावयाचा, आणि भाऊ वेगळे निघाले कीं सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पडावयाचे. पणजोबाच्या नांवचा एखादा नंबर घेऊन त्याचे फेरफार क्रमानें वाचीत गेल्यास तीन मुलगे, सात नातू, पंधरा पणतू असा विस्तार उलगडत जातो. नकाशावर पाहावें तों तेच भाऊ बांधाला बांध लावून उभे! वंशवृक्ष जणूं जमिनीवरच आंखलेला असतो. कृष्णाकांठच्या मळ्यांना व वस्त्यांना आडनांवें कां, हेंहि मग सांगावें लागत नाहीं.

या नकाशास दोन मोठीं व्यंगें आहेत. पहिलें असें कीं, बांध शेजारीं असला म्हणून माणूस शेजारीं असतोच असें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील असंख्य तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. सातबाऱ्यावर मात्र ते गांवांतच राहिले. कोयना धरणानें उठविलेल्या गांवांची भावकी तर निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली गेली.

दुसरें व्यंग अधिक खोल आहे. या दप्तरांतून घरची लेक जवळजवळ नाहींशी झालेली असते. या भागांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल जुनी आहे. आत्याच्याच घरीं भाची सून म्हणून जाते आणि आत्या तिची सासू होते. अशा रीतीनें दोन गांवांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. बाळंतपणाला माहेर, लग्नांत मामा, अडचणींत मेहुणा. गाडीवाटेच्या अंतरावरचें हें नातें चुलतभावाइतकेंच जवळचें. तरी दोन्ही गांवांचे थळझाडे व फेरफार शेजारीं ठेवले तर तीं गांवें एकमेकांस अनोळखी वाटतील!

ही उणीव कायद्यानें हळूहळू भरूं लागली आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्शांत वांटा दिला. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व साऱ्या देशांत २००५ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत तिला जन्मतः हक्क मिळाला. २००५ सालीं बाप हयात नसला तरी हा हक्क जात नाहीं, असें २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. त्यामुळें गांवनमुना सहा-क या वारसांच्या नोंदवहींत बहिणींचीं नांवें भावांच्या रांगेंत येतात, आणि तीं बहुधा सासरच्या आडनांवानें असतात. दोन घराण्यांचा संबंध दप्तराला अशा ठिकाणीं कळतो.

परंतु पुष्कळदां पाठोपाठ हक्कसोडपत्र होतें आणि सातबाऱ्यावरून तें नांव पुन्हां कमी होतें. माहेर तुटूं नये म्हणून बहीण सही करते, असें सांगण्यांत येतें. आणि तें खोटेंहि नसतें. ज्या नात्याची नोंद शतकानुशतकें झाली नाहीं, तें राखण्यासाठीं ती आपल्या नांवाची नोंद सोडून देते. तिच्या हक्काची किंमत मात्र दप्तरांत कोठेंच मांडलेली नसते.

सरकारानें हें दप्तर धाऱ्यासाठीं व हक्कासाठीं ठेविलें. घराण्याचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें त्यांतील प्रत्येक भावाच्या नांवापाशीं थांबून, त्याची बहीण कोणत्या गांवीं दिली, हें घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून टिपून ठेवावें. त्या हयात आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.