पेरॉव्हस्काइट आणि उस्मानियाचा एक विद्यार्थी

पेरॉव्हस्काइटचा शोध कधी लागला, याचे एका तारखेत उत्तर देता येत नाही. १८३९ साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव रोझ यांना उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यात एक खनिज आढळले. रशियन सरदार लेव पेरॉव्हस्की यांचे नाव त्याला मिळाले आणि पुढे त्याच रचनेचे सगळे स्फटिक या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७८ मध्ये जर्मनीत डीटर वेबर यांनी त्यातला संकरित प्रकार बनवला. शिसे आणि आयोडीनसारख्या मूलद्रव्यांचा अजैविक पिंजरा आणि आत मिथाइलअमोनियम हा सेंद्रिय पाहुणा.

असा स्फटिक प्रकाश छान शोषतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वाटेत फारसे अडकत नाहीत. शिवाय सिलिकॉन वितळायला १४१४ अंश लागतात, इथे द्रावण पसरून साधारण १०० अंशांवर तापवले तरी भागते. तरीही सौर घटात तो वापरायला जवळपास तीस वर्षे गेली! योकोहामात त्सुतोमू मियासाका यांच्याकडे अकिहिरो कोजिमा या विद्यार्थ्याने ते केले. २००९ च्या लेखात कार्यक्षमता होती ३.८ टक्के.

कोजिमाने हा स्फटिक बसवला तो घट मुळात रंगद्रव्याचा, स्वित्झर्लंडमधल्या मिखाएल ग्रेट्झेल यांच्या पद्धतीचा. त्या घटातल्या गाजलेल्या रुथेनियम रंगद्रव्यावरच्या १९९३ च्या लेखात पहिले नाव आहे मोहम्मद खाजा नझीरुद्दीन. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे पीएचडी. २०१३ मध्ये पेरॉव्हस्काइट घट १५ टक्क्यांवर नेणाऱ्या ‘नेचर’मधल्या लेखातही ते आहेत.

“सर, यात आपलं कोणी आहे का?” असे वर्गात मुले विचारतात. मला हा प्रश्न फारसा आवडत नाही, पण विचारणाऱ्याला मी हे नाव सांगतो. उस्मानिया १९१८ मध्ये उर्दू माध्यमात सुरू झाले, रसायनशास्त्रासाठीही तिथे उर्दू पुस्तके तयार झाली. नझीरुद्दीन यांच्या काळापर्यंत माध्यम इंग्रजी झाले होते, हेही सांगतो. उर्दू शिकवणाऱ्याला ते सोपे जात नाही.

आज प्रयोगशाळेतला आकडा २६ टक्क्यांच्या पुढे आहे. अडचण टिकण्याची आहे. ओलावा लागला की काळसर स्फटिक मोडतो, पिवळे लेड आयोडाइड उरते, आणि त्यातले शिसे पाण्याबरोबर जमिनीत जाऊ शकते. कोकणातल्या छपरावर तो पंचवीस पावसाळे काढील, असे घट अजून बनायचे आहेत.