भाच्याचं पिस्तूल आणि वकिलाची फी

माझा भाचा टेक्ससमध्ये एका पेट्रोलपंपावरच्या दुकानात रात्रपाळी करतो. ग्रीनकार्ड मिळालं आणि गेल्या महिन्यात त्याने पिस्तूल घेतलं. फोनवर म्हणाला, "मामा, आता त्याचा विमा काढायचाय. तीन ठिकाणचे कागद पाठवतो, जरा वाच." सरकारी कारकुनाला वाचण्यापलीकडे येतं काय?

आमच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक असते, निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची. तिच्यासाठी विमा ऐकला नव्हता. पण मंडळी, हा विमा पिस्तुलाचा नव्हेच. ते चालवावं लागलं तर मागाहून येणाऱ्या खटल्याचा आहे.

स्वतःचा जीव वाचवणं हा गुन्हा नाही हे तिथला कायदाही मानतो. पण ते ठरेपर्यंत अटक, जामीन, वकील, तज्ज्ञ साक्षीदार हे सगळं पदरच्या पैशाने. घराचा नेहमीचा विमा बहुधा इथे हात वर करतो. विमा अपघाताचा असतो, जाणूनबुजून केलेल्या कृत्याचा नाही. आणि स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायचा म्हणजे आधी कबूल करायचं, की गोळी मी जाणूनच झाडली. खरी मेख ती.

या फटीतूनच हा धंदा उभा राहिला. २००३ साली विस्कॉन्सिनमध्ये पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी एक मासिक निघालं. त्याभोवती यूएससीसीए ही संघटना वाढली आणि पुढे सभासदत्वाला विम्याची जोड मिळाली. २००८ साली वॉशिंग्टन राज्यात दुसऱ्या एका संस्थेने विमा न म्हणता सभासदांच्या वर्गणीतून बचावनिधी उभारला. आपल्या भिशीची आठवण यावी असा प्रकार! २०१७ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने 'कॅरी गार्ड' आणलं, तेव्हा विरोधकांनी त्याला 'खुनाचा विमा' म्हटलं. न्यूयॉर्कच्या नियामकाने चौकशी लावली. हेतुपुरस्सर केलेल्या गुन्ह्याला विमा देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. २०१८ मध्ये लॉकटनला ७० लाख डॉलर आणि चबला १३ लाख डॉलर दंड झाला. २०२० मध्ये असोसिएशनने २५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि त्या राज्यात पाच वर्षं विमा न विकण्याचं मान्य केलं.

'खुनाचा विमा' हा शब्द मला अन्यायाचा वाटतो, कारण गरीब निर्दोषालाही वकील लागतोच. पण नियामकाची शंका अगदीच पोकळ नव्हती.

भाच्याच्या कागदांवर मी तांबड्या शाईने खुणा केल्या. पैसे खटला चालू असताना मिळतात, की निर्दोष सुटल्यावर? दोषी ठरला तर दिलेले पैसे परत मागतील का? वकील कोण निवडणार? एका कागदात पहिल्याच प्रश्नाचं उत्तर सातव्या पानावर, बारीक अक्षरात होतं: आधी थोडे, बाकीचे सुटल्यावर. तो मी बाजूला ठेवला.

मग त्याला विचारलं, "दुकानात पिस्तूल ठेवायला मालकाची परवानगी आहे ना?"

तो गप्प. मग म्हणाला, "विचारतो. पण मामा, आईला यातलं काही सांगू नको हां."