गाव शहर केव्हा होते? नागरीकरण शिकवताना

नागरीकरण म्हणजे खेड्यातील लोकांचे शहराकडे होणारे स्थलांतर, हे उत्तर शाळकरी विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नागरी लोकसंख्या तीन मार्गांनी वाढते. शहरात राहणाऱ्यांमध्ये मृत्यूंपेक्षा जन्म अधिक होतात, ही नैसर्गिक वाढ. बाहेरून माणसे येतात, हे स्थलांतर. आणि कालपर्यंत गाव म्हणून मोजली गेलेली वस्ती आज शहर म्हणून मोजली जाऊ लागते. हा तिसरा मार्ग वर्गात बहुधा राहून जातो. त्यामुळे शहर वाढले ते केवळ 'बाहेरच्यांमुळे' अशी समजूत पक्की होते. ज्याचे आईवडील पोटापाण्यासाठी शहरात आले, असा एखादा विद्यार्थी त्याच वर्गात बसलेला असतो. 'लोंढे' हा शब्द त्याच्याही कानावर पडतो.

राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात नागरीकरणाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते शिकवताना सुरुवात व्याख्येपासून करणे सोयीचे ठरते. भारतीय जनगणनेनुसार जेथे महापालिका, नगर परिषद, नगर पंचायत किंवा कटक मंडळ आहे, ती वस्ती नागरी. याखेरीज तीन कसोट्यांना उतरणारी वस्तीही नागरी समजली जाते : लोकसंख्या किमान पाच हजार, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात. (स्त्रियांचे काम या कसोटीत धरलेच जात नाही, हे चौकस विद्यार्थी हमखास विचारतात.) कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी शहर, अशा वस्तीला 'जनगणना नगर' म्हणतात.

ही बाब किरकोळ नाही. २००१ मध्ये देशात १,३६२ जनगणना नगरे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. याच दशकात देशाची नागरी लोकसंख्या २७.८ टक्क्यांवरून ३१.२ टक्क्यांवर गेली. या वाढीत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वाढीचा होता. परंतु माणसे जागची हलली नाहीत आणि गावाचे शहर झाले, असा वाटाही लक्षणीय होता. महाराष्ट्रात २०११ मध्ये ४५.२ टक्के लोक नागरी भागात राहत होते.

कागदावरची ही रेषा माणसांच्या जगण्यावर कशी उमटते, हे सांगण्यासाठी कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. १९८३ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत आली. २००२ मध्ये ती वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वेगळी काढण्याचा निर्णय शासनाने घेतला, तो उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. गावे तीच, जमीन तीच. बदलत राहिले ते नळाचे पाणी कोणाकडे मागायचे, घरपट्टी कोणाकडे भरायची आणि बांधकामाला परवानगी कोण देणार, याचे उत्तर. दरम्यान, इमारती उभ्या राहतच होत्या. हद्दवाढ गावकऱ्यांना हवी होती की नको, या प्रश्नावर वर्गात दोन्ही बाजू मांडायला लावल्या, तर कर आणि सुविधा यांचे गणित पुस्तकाविनाही समजते.

शहरे सतत वाढतच जातात, हा दुसरा समज. त्याला मुंबईचा इतिहास छेद देतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पाठोपाठ कापडगिरण्या आल्या आणि शहर फुगत गेले. पण १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, हजारो दगावले, असंख्य लोक गावी परतले. १८९१ मध्ये सुमारे ८ लाख २२ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. गर्दीची, कोंदट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याचीच कामगिरी. अलीकडेही मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३.४ लाखांवरून २०११ मध्ये ३०.९ लाखांवर उतरली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. मध्य मुंबईतील चाळ आणि डोंबिवलीची सदनिका यांतील अंतर किती कुटुंबांनी कापले, याचा अंदाज विद्यार्थ्यांना घरच्या आजी-आजोबांकडूनही घेता येतो.

प्रत्यक्ष उपक्रमासाठी फार साधने लागत नाहीत. भारतीय सर्वेक्षण खात्याचा परिसराचा जुना स्थलदर्शक नकाशा आणि आजचे उपग्रह छायाचित्र शेजारी ठेवावे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. जुन्या नकाशातील ओढे, तळी, भातखाचरे शोधून तेथे आज काय आहे, ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, हेही त्याच कागदावर खुणा करून पाहता येते. ओढ्याची जुनी रेषा आणि या खुणा अनेकदा जवळजवळ येतात.

जोडीला जिल्हा जनगणना पुस्तिका घ्यावी. तीत गावनिहाय लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि कामकऱ्यांची वर्गवारी मिळते. शाळेजवळचे एखादे गाव निवडून तिन्ही कसोट्या लावण्याचे गणित दोन तासिकांत पुरे होते. आकडे मात्र २०११चेच घ्यावे लागतात, कारण २०२१ मधील जनगणना लांबणीवर पडली. पुढील गणना २०२७ साली घेण्याचे जाहीर झाले आहे. शोधलेले गाव तोवर कोणत्या यादीत गेले, हे त्याच विद्यार्थ्यांना पुढे पडताळून पाहता येईल.