दुसऱ्या सिलिंडरची कुळकथा

अमेरिकेत रुगर कंपनीचे ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून विकले जाणारे, दर बाराला घोडा हाताने मागे ओढावा लागणारे सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घेतले, की खोक्यातून दोन सिलिंडर निघतात. एक रिव्हॉल्व्हरमध्ये बसवलेला असतो, दुसरा वेगळा गुंडाळून ठेवलेला. पहिल्यात .४५ कोल्ट जातीची काडतुसे बसतात, दुसऱ्यात .४५ एसीपी, किंवा पहिल्यात .३५७ मॅग्नम आणि दुसऱ्यात ९ मिलिमीटर. किंवा, सर्वांत ओळखीच्या जोडीत, पहिल्यात .२२ लाँग रायफल आणि दुसऱ्यात .२२ मॅग्नम. नळी तीच, घोडा तोच, चाप आणि मूठही तीच. मधला आस ओढून काढायचा, सिलिंडर बदलायचा, आस परत सरकवायचा, एवढेच काम. या सोयीचे मूळ सांगताना बहुतेक जण थेट सॅम्युअल कोल्टपाशी जातात: घोडेस्वाराच्या कमरेला भरलेला जादा सिलिंडर असे, लढता लढता तो बदले, आणि तीच चाल आजवर चालत आली. ही वंशावळ मला अर्धीच पटते. रिव्हॉल्व्हरचा सांगाडा त्या घराण्यातून आला हे खरे, पण दुसऱ्या सिलिंडरचा हेतू तिथून आलेला नाही. तो काडतुसांच्या बाजारातून आला. आणि तो सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्येच रुजला, कारण ज्या गोष्टींमुळे ही रचना मागासलेली ठरली होती, नेमक्या त्याच त्याला लागत होत्या.

कोल्टला अमेरिकेतले पेटंट १८३६ च्या फेब्रुवारीत मिळाले आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी त्याचा कारखाना सुरू झाला. त्याचे पॅटरसन रिव्हॉल्व्हर पाच बारांचे, आणि काम ठासणीच्या बंदुकीचेच: प्रत्येक घरात सुटी दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागच्या चुचीवर केप चढवायची. सुरुवातीच्या नमुन्यांना गोळी दाबण्याचा दांडाही नव्हता. तो १८३९ पासून बसवला जाऊ लागला. त्याआधी पुन्हा भरायचे तर पाचर काढून नळी उतरवायची, सिलिंडर बाहेर घ्यायचा, आणि भरून झाला की सगळे परत जुळवायचे. इतके सुटे करावेच लागत असेल, तर आधीच भरून ठेवलेला दुसरा सिलिंडर जवळ असणे शहाणपणाचे होते. म्हणून पॅटरसनच्या पेटीत तो मिळे. टेक्सासच्या आरमाराने १८३९ मध्ये ही रिव्हॉल्व्हर घेतली, पुढे ती रेंजर्सच्या हाती आली, आणि १८४४ मध्ये वॉकर्स क्रीकच्या चकमकीत कॅप्टन जॅक हेजच्या तुकडीने त्यांच्या जोरावर कोमँची योद्ध्यांशी घोड्यावरूनच झुंज दिली. मात्र हे दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे, एकाच दारूगोळ्याचे. दुसरा सिलिंडर वेळ वाचवत होता. निवड देत नव्हता. दांडा आल्यावर वेळेची ती निकडही कमी झाली. कोल्टची १८४२ मध्ये बुडालेली कंपनी १८४७ नंतर नव्याने उभी राहिली, ती दांडा असलेल्या आणि सहा बारांच्या रिव्हॉल्व्हरवर.

अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांचे काय, असा आक्षेप इथे येईल. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरला वरून पूल असलेला अखंड सांगाडा होता; दांडा खाली करून आस ओढला की सिलिंडर बाजूने निसटून येई. चित्रपटांत आपण पाहतो ती सिलिंडर बदलण्याची लकब या रिव्हॉल्व्हरवर खरोखर जमते. पण एखादी गोष्ट जमते आणि ती रीत होती, यांत अंतर आहे. सैन्याचा पुरवठा कागदात गुंडाळलेल्या तयार बारांचा होता, आणि दोन-दोन रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या घोडेस्वारांबद्दल जितके सापडते तितके जादा सिलिंडर बाळगणाऱ्यांबद्दल सापडत नाही. म्हणून या टप्प्याला मी दुसऱ्या सिलिंडरच्या घराण्यात मानाचे पान देणार नाही.

घराण्याचा खरा पुरुष त्यानंतर येतो, आणि त्याच्या जन्माला एक पेटंट कारण झाले. सिलिंडरची घरे आरपार पोखरून मागून काडतूस भरण्याच्या कल्पनेचे पेटंट रोलिन व्हाइटला १८५५ मध्ये मिळाले. स्मिथ अँड वेसनने ते हक्क घेतले, व्हाइटला प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊ केले, आणि पेटंट मोडणाऱ्यांशी कोर्टात भांडण्याचा बोजा मात्र त्याच्यावरच टाकला. १८५७ पासून धातूच्या पुंगळीचे छोटे काडतूस वापरणारे त्यांचे रिव्हॉल्व्हर निघू लागले आणि बाकीचे कारखाने बारा वर्षे केप आणि सुट्या दारूला जखडून राहिले. १८६९ मध्ये मुदत संपली. व्हाइटने मुदतवाढीसाठी काँग्रेसकडे धाव घेतली, तर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते विधेयक नकाराधिकाराने परत पाठवले. युद्धानंतर लाखो ठासणीची रिव्हॉल्व्हर देशभर पडून होती आणि काडतूस मात्र झपाट्याने स्वस्त आणि भरवशाचे होत होते. रेमिंग्टनने मुदत संपायच्याही आधी, १८६८ मध्ये, स्मिथ अँड वेसनला शुल्क देऊन आपल्या सैनिकी रिव्हॉल्व्हरमध्ये .४६ काडतुसांचा पाच घरांचा नवा सिलिंडर बसवायला सुरुवात केली. कोल्टनेही १८७० च्या दशकात जुनी रिव्हॉल्व्हर अशीच पालटली. एका सांगाड्यात वेगळ्या जातीचा दारूगोळा खपवण्यासाठी वेगळा सिलिंडर, ही कल्पना प्रथम इथे दिसते, आणि ती लढाईतल्या घाईतून आलेली नाही. बाजारात काय मिळते आणि पेटीत काय पडून आहे, यांच्यातली दरी बुजवण्यासाठी ती आली.

काडतूस हीच खरी अडचण आहे, हे पुढच्या दहा वर्षांत आणखी स्पष्ट झाले. १८७३ मध्ये कोल्टचे सिंगल-अ‍ॅक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर .४५ कोल्ट काडतुसासाठी सैन्यात आले. दोन वर्षांनी सैन्याने स्मिथ अँड वेसनचे स्कोफील्डही घेतले, पण त्याचे काडतूस आखूड. स्कोफील्डचे काडतूस कोल्टमध्ये चाले, कोल्टचे मात्र स्कोफील्डमध्ये मावत नसे. शेवटी सैन्याला दोन्हींत चालेल असे आखूड काडतूस बनवूनच हा घोळ मिटवावा लागला. नागरी बाजारात विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलचे .४४-४० काडतूस इतके पसरले, की काही वर्षांत कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठीही काढले: रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींसाठी एकच पट्टा. शहराबाहेरच्या माणसाला हत्यार किती चांगले यापेक्षा त्याचे खाद्य कुठे मिळेल याची चिंता जास्त होती. कोल्टने ती काडतूस एक करून सोडवली. दुसरा सिलिंडर तीच चिंता उलट्या बाजूने सोडवतो: काडतुसे अनेक असू देत, हत्यार एक राहू दे.

आता रचनेकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. १८८९ पासून कोल्टच्या आणि १८९६ पासून स्मिथ अँड वेसनच्या नव्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बिजागरीवर बाजूला झुलू लागले. मागे चांदणीच्या आकाराची पट्टी असे. दांडी दाबली की ती सगळ्या पुंगळ्यांच्या कडा एकदम उचलून बाहेर काढी. सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये मात्र बाजूची झडप उघडायची, एकेक घर फिरवायचे, आणि नळीखालची काडी समोरून आत दाबून एकेक पुंगळी मागे ढकलायची. जलद भरण्याच्या दृष्टीने ही रीत हरली, यात शंका नाही. पण स्वयंचलित पिस्तुलांची काडतुसे आली तेव्हा तिचा गुण दिसला. .४५ एसीपी किंवा ९ मिलिमीटरच्या पुंगळीला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे चांदणीला तिला उचलता येत नाही. पहिल्या महायुद्धात पिस्तुले कमी पडली म्हणून अमेरिकेने .४५ एसीपी वापरणारी १९१७ ची रिव्हॉल्व्हर काढली, तेव्हा तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पत्र्याच्या पट्ट्या कराव्या लागल्या. सिंगल-अ‍ॅक्शनच्या काडीला कडेची गरजच नाही, कारण ती पुंगळीच्या तोंडातून आत शिरून ढकलते. घराच्या आत पायरी ठेवली की पुंगळीचे तोंड तिथे अडते आणि काडतूस जागेवर राहते. सिलिंडर नुसत्या आसावर असल्यामुळे, बिजागरी आणि चांदणीसकट सगळा जोड न बदलता तो एकटा निघतो. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाचे घर नळीपासून वेगळे असते. रायफलीत ते नळीचाच भाग असते. म्हणून नळी न बदलता घर बदलता येते, अट एवढीच की दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखा हवा.

ही अट पुरी करणारा बाजार तयार झाला आणि रुगरने तो हेरला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला कोल्टने आपले सिंगल-अ‍ॅक्शन थांबवले होते. १९५३ मध्ये रुगरने .२२ चे सिंगल-सिक्स काढले, बाह्यरूप जुने पण आतल्या पातळ पट्टीच्या कमानींऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा, १९५५ मध्ये .३५७ चे ब्लॅकहॉक. या पुनरागमनाचे श्रेय टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांना दिले जाते, आणि सिंगल-अ‍ॅक्शन का परतले याचे ते बऱ्यापैकी उत्तर आहे. पण खोक्यात दुसरा सिलिंडर का आला, याचे नाही. पडद्यावरचा कोणताही नायक दोन जातींची काडतुसे घेऊन हिंडत नव्हता. त्याचे उत्तर १९५९ मध्ये विंचेस्टरने आणलेल्या .२२ मॅग्नममध्ये आहे. ते जोरदार, पण महाग. त्याची पुंगळी ६.१ मिलिमीटर जाड, लाँग रायफलची ५.७. स्वस्त काडतूस मॅग्नमच्या घरात टाकले तर ते सैल बसते आणि पुंगळी फुगून फाटू शकते. गोळ्यांच्या व्यासात मात्र सुमारे ०.०३ मिलिमीटरचाच फरक. नळी दोघांना चालणारी, घर नाही: दुसऱ्या सिलिंडरसाठी याहून योग्य जोडी नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुगरने ती एकत्र विकायला काढली. त्याच दशकात ब्लॅकहॉकसाठी .३५७ आणि ९ मिलिमीटरची जोडी आली, मग .४५ ची.

यावर सर्वांत बळकट आक्षेप .३५७ चा आहे. .३५७ च्या घरात आखूड आणि स्वस्त .३८ स्पेशल चालतेच. मग ९ मिलिमीटरचा सिलिंडर कशाला? शिवाय ९ मिलिमीटरची गोळी नळीच्या मापापेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर बारीक, म्हणजे नळीतले पीळ तिला सैल पकडणार. आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते तो सिद्धांताच्या बाजूनेच साक्ष देतो. जिथे आखूड भावंड आधीच आहे तिथे दुसऱ्या सिलिंडरचा लाभ सर्वांत कमी, आणि तरीही ही जोडी खपते, कारण जगभरच्या सैन्यांसाठी बनणारे ९ मिलिमीटर बहुधा .३८ पेक्षाही स्वस्त मिळते. .४५ च्या जोडीत हा दोष जवळपास नाही. जुन्या .४५ कोल्टच्या नळ्या थोड्या रुंद होत्या, पण युद्धोत्तर काळात त्यांचे माप एसीपीच्या मापाशी आले. तडजोड उरते ती लांबीची: कोल्टची पुंगळी ३२.६ मिलिमीटर, एसीपीची २२.८, सिलिंडर तेवढाच लांब, म्हणून आखूड काडतुसाच्या गोळीला पीळ गाठेपर्यंत जास्त मोकळे अंतर कापावे लागते. स्पर्धेतल्या नेमबाजाला हे खटकेल. सरावासाठी घेणाऱ्याला २०१३ चे वर्ष जास्त आठवेल, जेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत .२२ लाँग रायफल मिळेनाशी झाली होती, आणि ज्यांच्याकडे मॅग्नमचा सिलिंडर होता त्यांच्यापुढे निदान दुसरा दरवाजा होता.

विकत घेणाऱ्याने काय पाहावे, हे या इतिहासातूनच निघते. दोन जातींच्या गोळ्या एकाच उंचीवर लागत नाहीत, म्हणून नेम धरायची मागची खाच वरखाली सरकवता येणारी हवी. जुन्या थाटाची पक्की खाच एकाच काडतुसाशी इमान राखते. १९७३ पूर्वीचे रुगर असेल, तर घोडा रिकाम्या घरावर ठेवून पाचच काडतुसे भरायची. १९८२ पासून कंपनी अशा रिव्हॉल्व्हरमध्ये सुरक्षेचा नवा सांधा मोफत बसवून देते. आणि सर्वांत महत्त्वाचे, सिलिंडर हा सुटा भाग दिसला तरी तो त्या एका सांगाड्यासाठी कारखान्यात जुळवलेला असतो. जुन्या जोडीत दुसऱ्या सिलिंडरवर रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरलेले आढळतात; ते जुळले नाहीत, तर सहाही घरे एकेक करून नळीच्या रेषेत येऊन घट्ट थांबतात का, आणि सिलिंडर व नळी यांच्यातली फट साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास आहे का, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.