नारायण धारपांची जुनी पुस्तकं गेली कुठे? मराठी भयकथा शोधायच्या, ओळखायच्या आणि जपायच्या कशा?

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि मोबाइलवर एक नाव पुन्हा फिरू लागलं. नारायण धारप. सिनेमा पाहून आलेली पोरं विचारत होती, "यांची पुस्तकं कुठे मिळतील?" काही मिळतात. दुकानात नवी कोरी मिळतात. पण यादी हातात घेऊन एकेक नाव शोधायला बसलं की थोड्याच वेळात लक्षात येतं, की बऱ्याच नावांपुढे 'उपलब्ध नाही' एवढंच लिहिलेलं आहे.

धारप काही अनोळखी लेखक नव्हेत. १९२५ साली जन्म, २००८ साली निधन, नावावर भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथांची भली मोठी रास. १९७०-८० च्या दशकांतल्या मराठी घरात रात्री दिवा चालू ठेवून झोपणारं कुणी ना कुणी असायचं, ते बहुधा यांच्यामुळेच. मग अशा लेखकाची पुस्तकं हरवतात कशी?

'तुंबाड'ची गोष्ट तोंडी आली होती

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय, की धारपांची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा वाचली नव्हती, ऐकली होती. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ती सांगितली. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं, पण भीतीचं बीज धारपांच्या 'आजी' या कथेतलं. आणि 'आजी'चं मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४ सालच्या कथेत.

म्हणजे प्रवास बघा. अमेरिकेतली एक गोष्ट, तिची पुण्याच्या लेखकानं केलेली मराठी गोष्ट, ती कुणीतरी वाचली, जंगलात मित्राला सांगितली आणि पंचवीस वर्षांनी तिचा हिंदी सिनेमा झाला. या साखळीत छापील पुस्तक एकदाच येतं. मराठी भयकथा अशीच जगली. एका प्रतीवर पन्नास वाचक आणि त्यातल्या निम्म्यांना लेखकाचं नाव आठवत नाही.

ही पुस्तकं छापायचं कोण आणि विकत घ्यायचं कोण?

मराठीत एका आवृत्तीच्या साधारण हजार-अकराशे प्रती, हा प्रकाशन व्यवसायातला जुना हिशोब. रहस्यकथा आणि भयकथा छापणारे बरेचसे प्रकाशक छोटे. त्यांचा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे दुकानात येणारा वाचक नव्हे, तर गल्लीतली लायब्ररी. सर्क्युलेटिंग लायब्ररी. महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक घरी न्यायचं, दोन दिवसांत परत करायचं.

त्यामुळे भयकथा 'बाळगायचं' पुस्तक कधी झालीच नाही. घरच्या कपाटात ज्ञानेश्वरी, पु. ल., 'स्वामी' आणि 'मृत्युंजय'. धारप मात्र लायब्ररीतून आणायचे, उशीखाली ठेवायचे आणि परत करायचे. समीक्षकांनीही या प्रकाराकडे फारसं गंभीरपणे पाहिलं नाही. जे साहित्य मानलं गेलं नाही, ते जपायची गरज कुणाला वाटणार?

आणि लायब्ररीचं पुस्तक झिजतंच. आधी वरचं रंगीत कव्हर फाटतं. मग लायब्ररीवाला ते काढून पुठ्ठ्याचं जाड बायंडिंग करतो, कडा कापून सरळ करतो. मुखपृष्ठ गेलं, चित्रकाराचं नाव गेलं, कधीकधी पहिली दोन पानंही गेली. शेवटी पानं सुटायला लागली की रद्दी. केबल टीव्ही आला, मग मोबाइल आला, लायब्ऱ्या एकामागून एक बंद झाल्या. बंद होताना कादंबऱ्यांना कुणीतरी वाली मिळतो. मळक्या, पानं दुमडलेल्या भयकथा किलोवर जातात.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलेलं एक उदाहरण आहे. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ साली वारला तेव्हा त्याच्या बहुतेक कथा स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या त्याच्या दोन चाहत्यांनी केवळ त्या वाचवण्यासाठी १९३९ साली 'आर्कम हाऊस' नावाचं छोटं प्रकाशन काढलं. पहिल्या पुस्तकाच्या प्रती किती? १,२६८. त्याही खपायला काही वर्षं लागली. पण आज लव्हक्राफ्ट जगभर वाचला जातो याचं मोठं श्रेय त्या बाराशे-साडेबाराशे प्रतींना जातं. आकडा मराठी आवृत्तीएवढाच. फरक एवढाच, की तिथे प्रती लोकांनी घरी ठेवल्या.

पण सरकारकडे एक प्रत असेलच ना?

कागदावर, हो. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईत आहे, फोर्टच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. पण कायदा असणं वेगळं आणि दोन खोल्यांतून चालणाऱ्या प्रकाशकानं दर वेळी चार पार्सलं पोस्टात टाकणं वेगळं. शिवाय आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात द्यायला सुरुवात झाली १९८५ साली. त्याआधीच्या पुस्तकांना तो नाहीच. म्हणून ऑनलाइन दुकानात शोधलं तर ती पुस्तकं जणू कधी छापलीच गेली नव्हती असं वाटतं.

पुस्तकांपेक्षाही वाईट अवस्था दिवाळी अंकांतल्या कथांची. मराठी भयकथेचं खरं घर दिवाळी अंक. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या भावंडांपैकी 'नवल' तर गूढ, अद्भुत आणि भयासाठीच ओळखला गेला. 'धनंजय'चंही तेच. मोठ्या लेखकांच्या कथा पुढे संग्रहांत आल्या. पण दोन-चार चांगल्या भयकथा लिहून नंतर नोकरी-संसारात गुंतलेल्या लेखकांचं काय? त्यांच्या कथा त्या अंकातच राहिल्या. तो अंक रद्दीत गेला की कथा गेली.

म्हणून संग्राहकाला द्यायचा एकच सल्ला असेल तर तो हा: धारपांच्या पहिल्या आवृत्तीमागे धावण्याआधी जुने 'नवल' आणि 'धनंजय' उचला. धारप पुन्हा छापले जातील. ते अंक जसेच्या तसे कुणी पुन्हा छापेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

माहुलमधून निघालेल्या वाचकानं जायचं कुठे?

समजा, चेंबूरच्या पलीकडे माहुलला राहणाऱ्या कुणाला हा नाद लागला. रिफायनरीच्या बाजूला वसलेल्या या भागात पुस्तकांची बाजारपेठ नाही. पण चेंबूर स्टेशन गाठून हार्बर लाइन पकडली आणि वडाळा रोडला गाडी बदलली की किंग्ज सर्कल. तिथल्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल मुंबईकरांच्या ओळखीचे आहेत. इंग्रजी पुस्तकं आणि अभ्यासक्रमाची पुस्तकं जास्त, मराठी गठ्ठा कोपऱ्यात किंवा खाली. विक्रेत्याला 'भयकथा' म्हणून विचारण्यापेक्षा 'लायब्ररीचा जुना माल आहे का' असं विचारलेलं बरं. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या परिसरातही असे स्टॉल आहेत.

विकत नको, फक्त वाचायचंय? मग दादर. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे आणि दादर पूर्वेला नायगावात त्याचा संदर्भ विभाग आहे. जुनी मासिकं बघायची तर पहिली चौकशी इथे करावी. आणि घराजवळचा रद्दीवाला विसरू नका. दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने दिवाळी अंक त्याच्याकडेच येतात. त्याला नुसतं सांगून ठेवायचं, "मराठी जुने अंक आले तर बाजूला ठेवा, रद्दीपेक्षा जास्त देतो."

प्रत हातात आली, आता काय बघायचं?

आधी शेवटचं पान. लायब्ररीच्या रहस्य आणि भयकथांची शेवटची पानं हमखास गायब असतात. मजकूर कुठे संपतो ते वाचून खात्री करून घ्या. मग आतल्या मुद्रणाच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, वर्ष. वर्ष नसेल तर किंमत आणि मागच्या पानावरची 'आमची इतर प्रकाशनं' ही जाहिरात बघा. त्यावरून अंदाज येतो.

लायब्ररीचा शिक्का असला की अनेक जण नाक मुरडतात. खरं तर शिक्का असलेली प्रत जास्त बोलकी. कुठल्या गल्लीतली लायब्ररी, तारखांच्या चिठ्ठीवर किती शिक्के, एका पावसाळ्यात ते पुस्तक किती घरं फिरलं, हे सगळं तिथे असतं. ती चिठ्ठी काढून टाकू नका. फक्त एक काळजी घ्या: चालू लायब्ररीचा शिक्का असेल तर पुस्तक चोरीचं नाही ना, हे विचारा.

जपणं हा मुंबईत वेगळाच विषय. माहुलच्या पुनर्वसन इमारतींतली घरं २२५ चौरस फुटांची. तिथे चार माणसं, एक कपाट आणि त्यात दोनशे पुस्तकं कशी बसवणार? उत्तर सोपं आहे, दोनशे ठेवायची नाहीत. ज्यांची नवी आवृत्ती मिळते ती वाचून पुढे द्यायची, जी कुठेच मिळत नाहीत तेवढीच ठेवायची. त्या काळचा स्वस्त कागद आम्लामुळे आपोआप पिवळा पडतो आणि तुटतो, त्यात मुंबईची दमट हवा आणि कसर. ओल येणाऱ्या भिंतीला पुस्तकं टेकवू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात लावू नये. काही वर्षांनी टेप निघून येते, तपकिरी डाग मात्र कायमचा राहतो.

धारपांवर 'ढापलेलं' असा आरोप होतो, त्याचं काय?

'लुचाई' ही किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ' ही 'इट'वर. हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात मूळ लेखकाचं नाव ठळकपणे देण्याची पद्धत ढिली होती आणि आजच्या नजरेनं ते खटकतं. खटकायलाच हवं. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर धारपांनी नेमकं काय केलं ते दिसतं. परदेशी गावातली भीती त्यांनी इथल्या वाड्यात, इथल्या नात्यांत आणि इथल्या देवघरापर्यंत आणली. क्रॉस दाखवून पळणारा पिशाच्च मराठी वाचकाला घाबरवू शकला नसता.

शिवाय आपल्याकडे भुतांची काय कमतरता? मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, चकवा, जखीण, ब्रह्मसमंध. प्रत्येकाची जागा वेगळी, वेळ वेगळी, मागणीही वेगळी.

ज्यांना उसनी भीती नकोच, त्यांच्यासाठी रत्नाकर मतकरी आहेत. १९३८ ते २०२०. त्यांच्या कथांना भयकथेपेक्षा गूढकथा म्हणणंच योग्य. 'खेकडा' किंवा 'मध्यरात्रीचे पडघम' वाचताना भूत दिसलं नाही तरी झोप उडते, कारण भीती वाड्यात नसते, शेजारच्या फ्लॅटमधल्या सभ्य माणसात असते. सुरुवात करायची तर मतकरींपासून करावी. धारपांचं सगळंच लेखन सारखं उतरलेलं नाही. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांची 'अंधारवारी', 'घनगर्द' आणि 'हाकामारी' शोधायला कठीण नाहीत.

मग पीडीएफ का नको?

कारण ती चोरी आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे धारपांचं लेखन २०६८ संपेपर्यंत आणि मतकरींचं २०८० संपेपर्यंत वारसांच्या हक्काचं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइल्सचा दुसरा तोटा कमी बोलला जातो. जुन्या धारपांची मागणी किती आहे हे प्रकाशकाला फक्त विक्रीतून कळतं. बाबा भांड यांच्या छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं धारप पुन्हा बाजारात आणले, मेहता पब्लिशिंग हाऊसकडे मतकरी मिळतात. हे संच विकले गेले तरच पुढचं नाव छपाईला जातं.

दुर्मिळ प्रत हाताशी असलेला माणूस मात्र एक गोष्ट कायद्यात राहून करू शकतो. सूची. जुना दिवाळी अंक मिळाला की अंकाचं नाव, वर्ष, कथेचं नाव, लेखक आणि पान क्रमांक लिहून काढायचं. अनुक्रमणिका उतरवायला दहा मिनिटं लागतात. कथा लेखकाची, पण ती अमुक साली अमुक अंकात होती ही माहिती सगळ्यांची. पुढे एखाद्या लेखकाच्या नातवाला आजोबांच्या कथांचा संग्रह काढावासा वाटला, तर त्याला आधी हे कळायला हवं की आजोबांनी 'नवल'मध्ये लिहिलं होतं.