प्लग व सॉकेट, विद्युत्

विद्युत् उपकरण वीजपुरवठ्याला हवे तेव्हा जोडण्याची व सोडविण्याची सोय करणारी जोडी. देशोदेशी तिचे आकार निराळे असल्याने प्रवाशाला जोडक (अ‍ॅडॅप्टर) बाळगावा लागतो. ही विविधता तांत्रिक गरजेपेक्षा इतिहासातून आलेली आहे.

घरगुती वीज आरंभी केवळ दिव्यांसाठी असे. पुढे इस्त्री, पंखा इ. उपकरणे दिव्याच्या होल्डरातूनच चालवीत. अमेरिकेत हार्वे हबेल यांना सुट्या प्लगचे एकस्व (पेटंट) १९०४ मध्ये मिळाले. त्यानंतर प्रत्येक देशाने आपापली मानके ठरविली.

ब्रिटनचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तेथे १९३४ च्या ‘बीएस ५४६’ मानकाने गोल पिनांचे २, ५, १५ व ३० अँपिअरचे प्लग रूढ केले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी मोठी आणि तांबे दुर्मिळ, अशी स्थिती होती. म्हणून सर्व सॉकेटांना वळसा घालून मुख्य फलकाशी परतणारे एकच ३० अँपिअरचे मंडल योजण्यात आले. त्यावर उपकरणाची बारीक तार सुरक्षित राहावी यासाठी वितळतार (फ्यूज) प्लगमध्येच घालावी लागली. अशा रीतीने १९४७ मध्ये चपट्या पिनांचा १३ अँपिअरचा ‘बीएस १३६३’ प्लग आला. त्याची लांब भूसंपर्क (अर्थ) पिन आधी शिरून सॉकेटमधील झडपा उघडते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झडपांची शिफारस करणाऱ्या समितीवर कॅरोलिन हॅसलेट या विद्युत् अभियंता होत्या.

भारताने मात्र जुनी गोल पिनांचीच पद्धती राखली. ‘आयएस १२९३’ मधील ६ व १६ अँपिअरचे प्लग तिचेच वंशज होत. मुंबईचा प्लग लंडनमध्ये बसत नाही तो यामुळे. मूळ बदलले ते ब्रिटनमध्येच.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने १९८६ मध्ये एक समाईक नमुना प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेने व, काही फेरफार करून, ब्राझीलने तो स्वीकारला. इतरत्र कोट्यवधी भिंतींतील सॉकेटे बदलण्याचा खर्च कोणी पत्करला नाही.

जोडक केवळ आकार जुळवितो, विद्युत् दाब बदलत नाही. अमेरिकेतील १२० व्होल्टची इस्त्री भारतातील २३० व्होल्टवर लावल्यास तिची उष्णता साडेतीनपटीहून अधिक होते व ती जळते. तिला रोहित्रच (ट्रान्सफॉर्मर) हवे. मोबाईलचे बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने त्यांना जोडक पुरतो. धातूचे कवच असलेल्या उपकरणास दोन पिनांचा जोडक लावणे मात्र धोक्याचे, कारण त्यात भूसंपर्क तुटतो.